बुंदी, बस! : मुलांच्या मनाला प्राण्यांची सोबत कशी मदत करते

दुसरीतली एक मुलगी. घरी अखंड बडबड, पण शाळेच्या फाटकातून आत आली की तोंडाला कुलूप. पहिलीचं अख्खं वर्ष ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला नुसता हात वर करायची. लघवीला जायचंय एवढंही सांगता यायचं नाही, त्यामुळे दोनदा भर वर्गात कपडे ओले झाले. बाईंना वाटलं, हट्टी आहे. आजी म्हणाली, दृष्ट लागली. वडिलांनी आधी सायकलचं आमिष दाखवलं, मग रागावून पाहिलं. मी शाळेत समुपदेशक आहे. माझ्याकडची तिची पहिली तीन सत्रं माझ्या बोलण्यात आणि तिने नखाने टेबलाची कड खरवडण्यात गेली.

चौथ्या वेळी खोलीत बुंदी होती. बुंदी म्हणजे सहा वर्षांची, फिक्या पिवळ्या रंगाची लॅब्रेडॉर कुत्री, याच कामासाठी तयार केलेली. तिच्याबरोबर तिला सांभाळणाऱ्या ताई. या कामात त्यांना हँडलर म्हणतात. कुत्री येणार हे मुलीला आठवडाभर आधी सांगितलं होतं, फोटो दाखवला होता. आईची लेखी परवानगी घेतली होती. कुत्र्याची भीती आहे का, कधी कुत्रा चावलाय का, दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे का, सगळं विचारून झालं होतं. मुलगी दारातच थांबली. बुंदीही जागची हलली नाही. चटईवर पडून राहिली, शेपटीचं टोक तेवढं दोनदा फरशीवर आपटलं. पाच-सात मिनिटांनी मुलगी भिंतीला धरून धरून पुढे आली आणि बुंदीच्या पाठीवर तिने एक बोट टेकवलं. एकच बोट. त्या दिवशी एवढंच झालं.

पुढच्या आठवड्यात ताईंनी तिला दाखवलं, तळहात असा खाली नेला की बुंदी बसते. आपल्याकडे बहुतेक लोक कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात, 'सिट', 'कम', 'शेक हँड'. या ताईंनी बुंदीला मुद्दाम मराठी शब्दही शिकवले होते, कारण त्या मराठी शाळांमध्ये जातात आणि आधीच घाबरलेल्या मुलाला परका शब्द उच्चारायला लावणं त्यांना पटत नाही. मुलीने हात खाली नेला, बुंदी बसली. मुलीने वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिने आपणहून माझ्या डोळ्यांत पाहिलेलं ते पहिलंच. त्यानंतरच्या भेटीत मी म्हटलं, हाताबरोबर नुसते ओठ हलव, आवाज नको. मग आवाज, पण कानगोष्टीतला. बुंदीच्या सहाव्या भेटीत ती खाली वाकली आणि तिच्या कानाशी, मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "बस."

बुंदी बसली.

(मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

ही हकिगत मी कोणाला सांगितली की हमखास उत्तर येतं, "बघा, मुक्या प्राण्याने जे केलं ते माणसांना जमलं नाही." ऐकायला छान वाटतं, पण ते खरं नाही, आणि खरं काय घडलं ते पालकांनी समजून घेणं फार गरजेचं आहे. कारण त्याच समजुतीवर कोणी मुलासाठी वीस-पंचवीस हजारांचं पिल्लू विकत आणतं, तर कोणी मुलाचे चालू उपचार बंद करून 'अ‍ॅनिमल थेरपी'च्या शोधात निघतं.

त्या मुलीला जे होतं त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. हा चिंतेचा विकार आहे. मूल बोलू शकतं, घरी बोलतंही, पण ठरावीक ठिकाणी भीतीने त्याचा घसाच आवळतो. त्यात हट्ट नसतो. त्यावरचा उपचार गेली कित्येक वर्षं माहितीतला आहे: भीतीच्या गोष्टीकडे अगदी छोट्या छोट्या पायऱ्यांनी न्यायचं, एका पायरीवर मूल स्थिर झालं की मगच पुढची. हात, मग ओठ, मग कुजबुज, मग आवाज, मग आणखी एक माणूस खोलीत. या पायऱ्या मी आखल्या होत्या. बुंदी नसती तरी मी त्याच आखल्या असत्या, कदाचित बाहुली घेऊन, कदाचित तिच्या आईला शेजारी बसवून. बुंदीमुळे एवढं झालं की पहिली पायरी त्या मुलीच्या पायाला पोचेल इतकी खाली आली. तीन आठवडे ती पायरीच तिला चढता येत नव्हती.

प्राण्याचं काम हे असं आहे. तो माणसाच्या मदतीसाठी दार किलकिलं करतो. आत जाऊन काम करायला शिकलेला माणूस लागतोच.

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी

'अ‍ॅनिमल थेरपी' हा शब्द आपण फार सैल वापरतो. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, इआहायोने, २०१४ साली व्याख्या पक्क्या केल्या आणि २०१८मध्ये त्या सुधारल्या. त्यांची विभागणी सोप्या शब्दांत अशी. परीक्षेच्या आधी कॉलेजात चार कुत्रे आणले, मुलांनी तासभर गोंजारले, फोटो काढले: ही झाली भेट. तिने बरं वाटतं, पण तो उपचार नाही. शिक्षक एखादा ठरवलेला धडा प्राण्याच्या मदतीने शिकवतात, उदाहरणार्थ वाचनात मागे पडलेल्या मुलाला कुत्र्याशेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावतात: ते शिक्षण. उपचार तिसरा. त्यात मुलाची अडचण नोंदवलेली असते, उद्दिष्ट लिहिलेलं असतं, प्राणी कशासाठी हवाय ते ठरलेलं असतं, चालवणारी व्यक्ती मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशी त्या विषयात शिकलेली असते, आणि दर सत्रानंतर काय बदललं ते लिहून ठेवलं जातं.

मुंबई विमानतळावर २०२३मध्ये प्रवाशांसाठी थेरपी डॉग आणले, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. ती भेट होती, आणि चांगलीच होती. पण ते पाहून "आमच्या मुलाला डिप्रेशन आहे, त्याला तिथे नेऊ का?" असं मला एका वडिलांनी विचारलं, तेव्हा हा फरक कोणीतरी नीट सांगायला हवा हे लक्षात आलं.

वाचनाची जी गोष्ट आत्ता लिहिली, तिची एक ठरलेली पद्धत अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ साली सुरू झाली. कल्पना साधी आहे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त भीती असते ती चूक दाखवली जाण्याची. बाई चूक सुधारतात, बाकावरची मुलं हसतात, घरी आई "परत वाच" म्हणते. कुत्र्याला 'अंधार' आणि 'आधार' यांतला फरक कळत नाही. मूल चुकतं, पुढे जातं, पान उलटतं. मी हे पाहिलंय. चौथीतला एक मुलगा वाचता वाचता थांबायचा, कुत्र्याला चित्र दिसावं म्हणून पुस्तक त्याच्याकडे वळवायचा, आणि मग पुढचं वाक्य वाचायचा.

एका कुत्र्याला फी किती?

प्राणी आणि मनाचे आजार यांचा संबंध तसा जुना. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे १७९६ साली क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या विल्यम ट्यूक यांनी मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उघडलं. त्या काळी मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवत. ट्यूक यांच्या अंगणात ससे आणि कोंबड्या मोकळ्या फिरत, आणि रुग्णांनी त्यांच्याशी खेळावं, त्यांची काळजी घ्यावी असं अपेक्षित असे.

मुलांच्या बाबतीतली खरी सुरुवात मात्र न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञापासून धरतात. त्यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. एके दिवशी एक आई आपल्या मुलाला घेऊन वेळेच्या आधीच आली. मुलगा अतिशय मिटलेला, आधीचे उपचार हरलेले, रुग्णालयात ठेवायचं बोलणं चालू. लेव्हिन्सन लिहीत बसले होते आणि जिंगल्स त्यांच्या पायाशी होता. एरवी रुग्ण यायच्या वेळी तो खोलीत नसे. जिंगल्स सरळ मुलाकडे धावला आणि त्याला चाटू लागला. मुलगा दचकला नाही, उलट त्याला कुरवाळू लागला. जाताना त्याने विचारलं, मी परत येऊन याच्याशी खेळू का? पुढच्या कित्येक भेटींत तो कुत्र्याशीच बोलत होता. हळूहळू त्या बोलण्यात लेव्हिन्सन यांनाही जागा मिळाली, आणि त्यानंतरच खरा उपचार सुरू झाला.

१९६१मध्ये लेव्हिन्सन यांनी हे मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं. सभेत हशा पिकला. फीमधला किती वाटा कुत्र्याला देता, असंही कोणी विचारलं. त्यांनी माघार घेतली नाही. १९६२मध्ये लेख छापला, १९६९मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो तो एवढ्यासाठी की त्यांनी कुत्र्याला कधी डॉक्टर म्हटलं नाही. सहउपचारक म्हटलं.

शरीरात काय होतं?

घाबरलेलं मूल बाहेरून गप्प दिसतं, आत मात्र धावपळ चालू असते. हृदय जोरात चालतं, रक्तदाब वाढतो, कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक रक्तात वाढतं. या अवस्थेत मेंदूचा बोलण्याचा, विचार करण्याचा, आठवण्याचा भाग नीट चालत नाही. म्हणून रडणाऱ्या मुलाला "काय झालं ते सांग" म्हणून काही उपयोग होत नाही. आधी शरीर शांत व्हावं लागतं.

एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये मुलांचा रक्तदाब मोजला, एकदा नुसतं बसलेलं असताना आणि एकदा मोठ्याने वाचत असताना. खोलीत कुत्रा असला की दोन्ही वेळा रक्तदाब कमी भरला. जपानमधल्या संशोधकांनी २०१५मध्ये दाखवलं की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळात माया जुळताना जे संप्रेरक काम करतं तेच हे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे गट पाडले. काहींनी १० मिनिटं कुत्र्यामांजरांना गोंजारलं, काहींनी इतरांना गोंजारताना नुसतं पाहिलं, काहींनी प्राण्यांचे फोटो पाहिले, काही नुसते थांबून राहिले. ज्यांनी प्रत्यक्ष हात लावला त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल कमी झालं. हा अभ्यास २०१९ साली छापला गेला.

माझ्या रोजच्या कामाशी सगळ्यात जवळचा अभ्यास मात्र दुसराच आहे. युरोपातल्या संशोधकांनी ७ ते ११ वर्षांची ४७ मुलं घेतली. सगळी अशी, की मोठ्या माणसांवर विश्वास टाकणं ज्यांना जड जातं. माया करणाऱ्यांनीच दुखावलं असेल तर असं होतं. त्यांना अनोळखी लोकांसमोर गोष्ट सांगायला आणि गणित करायला लावलं. सोबतीला काहींना खरा कुत्रा दिला, काहींना प्रेमळ वागणारी एक तरुणी, काहींना खेळण्यातला कुत्रा. खऱ्या कुत्र्याबरोबरच्या मुलांचं कॉर्टिसॉल सगळ्यात कमी वाढलं, आणि ज्याने जितकं जास्त गोंजारलं त्याचं तितकं कमी. ती तरुणी काही चुकत नव्हती, प्रेमानेच वागत होती. पण ज्या मुलाला माणसाच्या प्रेमाचीच धास्ती बसली आहे त्याला तिचं हसूही तपासून घ्यावं लागतं. कुत्र्याचं तपासावं लागत नाही. घरात मारहाण सोसलेली मुलं माझ्यासमोर बसतात तेव्हा मला हा अभ्यास आठवतो. मी कितीही मऊ बोलले तरी त्यांच्यासाठी मी आधी एक मोठं माणूस असते.

आणखी एक गोष्ट घडते. प्राणी मुलांना एकमेकांशी जोडतो. ऑस्ट्रेलियात १५ वर्गांत गिनी पिग हे छोटे केसाळ पाळीव प्राणी नेले. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेली आणि नसलेली मिळून ९९ मुलं होती. खेळणी समोर असतानाच्या तुलनेत गिनी पिग असताना ऑटिझमची मुलं जास्त बोलली, समोरच्याच्या चेहऱ्याकडे जास्त वेळा पाहिलं, जास्त हसली, कमी रडली. म्हणजे प्राणी त्यांच्यामध्ये आल्यावर मुलं माणसांकडेच जास्त वळली. घोड्याबाबतचा एक मोठा अभ्यास अमेरिकेतला, २०१५चा. ऑटिझम असलेली १२७ मुलं, १० आठवडे. अर्ध्यांना घोडेस्वारी, अर्ध्यांना तबेल्यातलीच कामं, पण खऱ्या घोड्याऐवजी खऱ्याएवढाच मोठा कापडी घोडा. खऱ्या घोड्यावर बसणाऱ्यांची चिडचिड आणि अस्वस्थ हालचाल जास्त कमी झाली.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं म्हणजे पालकांना फसवणं होईल. यातले बरेच अभ्यास लहान आहेत. औषधाची चाचणी घेताना रुग्णाला खरी गोळी दिली की साखरेची, हे त्याला कळू देत नाहीत. कुत्रा समोर आहे की नाही हे कसं लपवणार? शिवाय अशा अभ्यासाला तयार होतात ती मुलं बहुधा आधीपासून प्राण्यांवर जीव टाकणारी असतात. अमेरिकेत कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्या १०६ मुलांवरचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा भेटायला येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांच्या चिंतेत ठळक फरक आढळला नाही. आईवडिलांचा ताण मात्र कुत्रा येणाऱ्या गटात उतरला. मला तो निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. त्या वॉर्डात रात्ररात्र खुर्चीत बसणाऱ्या आईचा ताण उतरला, तर ते थोडं झालं का?

डॉल्फिनबरोबर पोहून ऑटिझम बरा होतो असं सांगणाऱ्या महागड्या सहली परदेशात विकल्या जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही, आणि इआहायोने डॉल्फिन, हत्ती अशा जंगली प्राण्यांना या कामात आणायचं नाही असं स्पष्ट म्हटलंय. भारताने तर २०१३मध्येच डॉल्फिनचे खेळ करणारी केंद्रं उभारायला बंदी घातली. मुलाचं मन रमावं म्हणून पिंजऱ्यातला पोपट आणणाऱ्यांनाही सांगायला हवं: आपला देशी पोपट वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तो पाळणं गुन्हा आहे.

कुत्र्याचीही बाजू असते

बुंदी शांत आहे म्हणजे तिला सगळं चालतं असं नाही. झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटत राहणं, मान फिरवून घेणं, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, ओलं नसताना अंग झटकणं, ही कुत्र्याची 'पुरे झालं' म्हणायची भाषा आहे. चांगला हँडलर ती ओळखतो आणि सत्र थांबवतो, समोर मूल कितीही रमलेलं असो. एकदा ताईंनी असंच सत्र मध्येच थांबवलं. तो मुलगा रुसला. ताई त्याला म्हणाल्या, "ती दमली. तू दमलास की सांगतोस ना?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मी नाही सांगत. मला कोणी थांबू देत नाही." त्या एका वाक्यावर आमची पुढची चार सत्रं झाली. क्लास, शाळा, पुन्हा क्लास, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. पाचवीतलं मूल रात्री अकराला झोपत होतं.

तेव्हा कोणी तुमच्या मुलासाठी असं सत्र सुचवलं तर आधी विचारा: मुलाचा उपचार कोण करणार, त्यांचं शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती पाहायला मागण्यात संकोच नको. उद्दिष्ट काय लिहिलंय? कुत्र्याचं लसीकरण कार्ड, जंताचं औषध, पशुवैद्यकाची तपासणी? कुत्र्याला एकांतात जायला जागा आहे का? आणि मूल 'नको' म्हणालं तर काय करणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हळूहळू सवय होईल हो" असं आलं, तर मुलाला घेऊन घरी या.

आपल्याकडे भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केलेली, चावलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांना कुत्र्याजवळ ओढत नेणं म्हणजे छळ. काही घरांत श्रद्धेमुळे कुत्रा शिवून घेत नाहीत. तिथे ससा, मांजर, गिनी पिग चालतात. आणि हे प्रत्येक पालकाला पाठ हवं: कोणताही कुत्रा चावला, ओरखडला, अगदी घरचा आणि लस टोचलेला असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा की चावल्याचं सांगितलं तर कोणी रागावणार नाही. रेबीजने गेलेल्या कितीतरी मुलांनी मार बसेल या भीतीने ते घरी सांगितलेलंच नसतं.

महाराष्ट्रात मानसशास्त्रज्ञ मिनल कविश्वर यांनी सुरू केलेली अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन ही संस्था मुंबई-पुण्यात हे काम करते. चेन्नईत ब्लू क्रॉस या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने हाँगकाँगच्या 'डॉक्टर डॉग' उपक्रमाच्या धर्तीवर विशेष मुलांसाठी फार आधी काम सुरू केलं होतं. पण खरं सांगायचं तर सोलापूर, नांदेड, गडचिरोली इथल्या पालकाला अशी सेवा हाताशी मिळणं आज अवघड आहे.

मग घरी कुत्रा आणावा का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर: घरातल्या मोठ्यांना कुत्रा हवा असेल तर आणा. मुलाच्या आजारावरचं औषध म्हणून आणू नका. कुत्रा १० ते १४ वर्षं जगतो. सातवीत हट्टाने पिल्लू मागणारा मुलगा अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला जातो, आणि सकाळी सहाला कुत्र्याला फिरवायला आईच राहते. उदास मुलाला त्याची जबाबदारी जमली नाही, तर "एवढंही होत नाही तुझ्याकडून" हे वाक्य घरात ऐकू यायला वेळ लागत नाही. प्राणी मेला तर मुलाच्या वाट्याला खरंखुरं दुःख येतं. त्याला रडू द्या, शाळेला एक दिवस दांडी मारू द्या, पुरायला सोबत न्या. दुसऱ्या दिवशी नवीन पिल्लू आणून ते बुजवू नका.

इथे थोडं गावाकडचं बोलते. आपल्याकडे लाखो मुलांना प्राण्यांची सोबत आहेच, फक्त त्याला आपण कधी नाव दिलं नाही. माझ्या मामाच्या घरी एक शेळी होती, तिचं करडू माझ्या मावसभावाच्या मागे मागे फिरायचं, तो शौचाला गेला तरी बाहेर उभं राहायचं. बाजाराच्या दिवशी ते विकलं. मावसभाऊ तीन दिवस जेवला नाही. सगळे हसले, म्हणाले, पोरगा बकरीसाठी रडतोय. पुढे त्याने कधी कुठल्या जनावराला नाव दिलं नाही. शेतकऱ्याच्या घरी जनावर विकावं लागतं, ते टळत नाही, मला कळतं. पण "आपल्याला विकावं लागतंय, तुला वाईट वाटणार, मलाही वाटतंय" एवढं बापाने शेजारी बसून म्हटलं, तर मुलाला दुःख सोसायची रीत कळते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावताना त्याच्या कानाशी पुटपुटणारा पोरगा पाहिलाय ना? त्याला विचारा कधीतरी, काय सांगतोस त्याला. सांगणार नाही कदाचित. पण विचारलंत हे त्याच्या लक्षात राहील.

कधी वाट पाहायची नाही

प्राण्याची सोबत चालू असो वा नसो, काही गोष्टी दिसल्या तर वाट पाहू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, झोप आणि जेवण बिघडणं, आवडीचे खेळ सोडून देणं, स्वतःला इजा करणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसलो तर बरं होईल" असं काही बोलणं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६मध्ये, १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला होता. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता. मुलाला आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने त्याच्या डोक्यात तो विचार येत नाही. उलट बोलायची वाट मोकळी होते. सरकारची टेलि-मानस सेवा २०२२पासून चालू आहे: १४४१६ हा क्रमांक, फुकट, चोवीस तास, मराठीत. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे. सरकारी रुग्णालयांतल्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये किशोरवयीन मुलामुलींना समुपदेशन मिळतं.

आता त्या मुलीचं राहिलं. प्राण्याबरोबरच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे प्राण्याला बाजूला करणं. मूल फक्त कुत्र्याशीच बोलायला लागलं तर आपण नवीन कुलूप बनवलं असं होईल. म्हणून 'बस' जमल्यावर खोलीत तिची एक मैत्रीण आली, आणि बुंदीला काय सांगायचं ते मुलीने मैत्रिणीला सांगायचं असं ठरलं. मग बाई आल्या. मग बुंदी दाराशी बसू लागली, मग एक आठवडाआड येऊ लागली, मग वर्गात फळ्याशेजारी तिचा फोटो तेवढा राहिला. मध्ये दोन महिने सगळं ठप्प झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तर ती पुन्हा नुसता हात वर करण्यावर आली. आम्ही परत खालच्या पायरीवर गेलो.

जानेवारीत एका बुधवारी बुंदी येणार नव्हती, तिची वार्षिक लस होती. ते मी मुलीला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जात होते. मुलांचा कलकलाट चालू होता. मागून कोणीतरी माझी ओढणी ओढली. ती होती, हातात डबा. आजूबाजूला दहा-पंधरा मुलं, कुत्री नाही, ताई नाहीत.

"बुंदीला सुई टोचली का? रडली का ती?"

मी खाली बसले आणि तिला सांगितलं की थोडी कुंईकुंई केली, मग बिस्किट खाल्लं.